चौदा हजारांचा बहाणा

बस. रॅकेट नंतर दाखव. तिचं वजन किती, बॅलन्स कुठं, शाफ्ट किती कडक, हे सगळं तू फोनवर सांगून झालं, व्हॉट्सॲपवर पाठवून झालं. पाच रॅकेटींचा तक्ता केलायस. रकाने आखलेस, रंग भरलेस, शेवटच्या रकान्यात तारेसुद्धा दिलेस. एवढ्या निगुतीनं सरावाची वही कधी लिहिलीस का रे? मी दिलेली ती वही कुठाय? पहिली चार पानं सोडली तर कोरी असणार. उघडून बघायची मला गरज नाही.

काल हरलास. कुणाशी? बँकेतल्या काकांशी. पन्नाशी उलटलेला माणूस, गुडघ्याला पट्टा, दोन गेममध्ये एकदाही उडी मारली नाही. तुला मात्र कोर्टाच्या चारी कोपऱ्यांत पळवलं. आणि बाहेर आल्यावर तुझं पहिलं वाक्य काय? "सर, ही रॅकेट मला सूट होईना."

आता मी अंगण वाकड्याची म्हण सांगणार, असं तुला वाटलं असेल. नाही सांगत. कारण अंगण खरंच वाकडं आहे. ती रॅकेट तुला खरंच सूट होत नाही. राग त्याचाच आलाय मला. नवखा पोरगा असता तर हसून सोडून दिलं असतं. तुला हे विकत घ्यायच्या आधी कळत होतं. हॉलमधल्या अर्ध्या पोरांना रॅकेट निवडून देणारा तू. आठवीतल्या त्या पोरीला जड रॅकेट घेऊ नका, ७०-७५ ग्रॅमवाली घ्या, मनगट अजून कोवळं आहे, असं तिच्या वडलांना तूच समजावलंस. मी शेजारी उभा राहून ऐकत होतो आणि मनातून खूश होत होतो. दुसऱ्याच्या खांद्याची एवढी काळजी. स्वतःच्या खांद्याशी काय वैर होतं तुझं?

पाच रॅकेटींची एकमेकींशी तुलना केलीस. एकीची तरी स्वतःशी केलीस का? त्या तक्त्यात तुझ्या नावाचा रकाना कुठाय? तुझी उंची, तुझा स्विंग, दोन महिन्यांपासून दुखणारा खांदा, मागच्या कोपऱ्यात तू किती उशिरा पोचतोस, हे कुठं लिहिलंस? नाही लिहिलंस. कारण ते लिहिलं असतं तर रॅकेट घेता आली नसती.

चल, एक-एक आकडा घेऊ. तुझेच आकडे, तुझ्याच तक्त्यातले.

वजन. थ्री-यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, फोर-यू म्हणजे ८० ते ८४. फरक पाचेक ग्रॅमचा. आपण ज्या शटलला मारतो ते शटल ४.७४ ते ५.५० ग्रॅमचं असतं. म्हणजे एका शटलच्या वजनासाठी तू रात्री-रात्री जागलास, थ्री-यू की फोर-यू. बरं, दिवाळीपासून तुझं स्वतःचं वजन किती वाढलं? ते मोजायला मेसच्या बाहेरचा काटा आहे, एक रुपयात सांगतो. रॅकेटीचे पाच ग्रॅम हाताला जाणवतात आणि पोटावरचे पाच किलो पायाला जाणवत नाहीत?

बॅलन्स. मुठीच्या बुडापासून मिलिमीटरमध्ये मोजतात. साधारण २८५ च्या खाली आला तर हेड लाइट, २९५ च्या वर गेला तर हेड हेवी, मधला तो इव्हन. तुला हेड हेवी पाहिजे होती. स्मॅशला वजन पाहिजे म्हणे. घेतलीस. आणि घेतल्या-घेतल्या काय केलंस? मूळ ग्रिपवर दोन ओव्हरग्रिप गुंडाळल्यास, कारण मूठ बारीक वाटली. एक ओव्हरग्रिप पाचेक ग्रॅमची. ती मुठीवर चढली की बॅलन्स सेंटिमीटरभर मुठीकडं सरकतो. दोन चढवल्यास. मग डोकं जड राहिलं कुठं? जड डोक्याचे पैसे मोजलेस आणि घरी येऊन ते डोकं स्वतःच्या हातानं हलकं केलंस. शिवाय एकूण वजन वाढवलंस ते वेगळंच. जी-५ ऐवजी जी-४ घेतली असती तर मूठ आधीच जाड मिळाली असती. आकडा लहान तशी मूठ जाड, हे तुला माहीत नाही? तूच मागच्या बाकावरच्या पोरांना शिकवतोस.

आता शाफ्ट. इथं मात्र मी थांबणार आहे, कारण तुझी सगळी लबाडी इथं आहे.

स्विंग सुरू होताना शाफ्ट मागं वाकतो आणि शटल लागायच्या वेळी सरळ होतो. त्या सरळ होण्यातून फटक्याला जोर मिळतो. कडक शाफ्ट पटकन सरळ होतो, म्हणून शटल नेमकं जातं. पण त्याला आधी वाकवावं लागतं. त्यासाठी शेवटच्या क्षणाला झटका पाहिजे, आणि झटक्यासाठी शटलच्या मागं पोचलेलं शरीर पाहिजे. लवचीक शाफ्ट कमी वेगातसुद्धा वाकतो आणि आपल्या वाटणीचा जोर टाकतो. काकांच्या हातात तसलीच आहे. मध्यम डोक्याची, लवचीक, वर २२ पौंडांचा गट. त्यांचा टॉस या रेषेपासून त्या रेषेपर्यंत आरामात जातो. तुझा? तुझा बॅकहँड टॉस काल एकदा तरी मागच्या रेषेला पोचला का? अर्ध्या कोर्टात पडत होता. काका वाट बघत उभे होते तिथं.

का पडतो? तू शटलच्या मागं पोचत नाहीस म्हणून. शटल डोक्याच्या मागं गेलेलं असतं, तू कंबरेतून मागं वाकतोस आणि नुसत्या हातानं ओढतोस. त्या स्थितीत ॲक्सेलसनच्या हातूनसुद्धा झटका निघणार नाही. मग एक्स्ट्रा स्टिफ शाफ्ट काय करणार? तो ताठच राहतो. सगळा धक्का कोपरात आणि खांद्यात जातो. खांदा दुखतोय तो म्हणून. बाम चोळून जाणार नाही तो.

आणि ॲक्सेलसनचं नाव काढलंच आहे तर ऐक. टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ऑलिंपिकमध्ये एकेरीचं सुवर्ण. ॲस्ट्रॉक्स १०० झेडझेड त्याच्या हातात दिसली आणि तू ठरवलंस, हीच घ्यायची. त्याची उंची १९४ सेंटिमीटर. तुझी? पाच फूट सहा इंच, तेही बूट घालून. तो शटल जिथून मारतो तिथं तुझी रॅकेटसुद्धा उडी मारल्याशिवाय पोचत नाही. तो सोनं जिंकत होता तेव्हा दिवसाचे किती तास घाम गाळायचा; त्याच्यामागं फिजिओ होता, व्यायामाचा प्रशिक्षक होता, गटिंग करणारा माणूस होता. तुझ्यामागं कोण आहे? मी. आणि माझं तू ऐकत नाहीस.

माळेगावच्या यात्रेत गेलास ना लहानपणी आजोबांबरोबर? बैलाचं जू त्याच्या मानेकडं बघून घेतात की शेजाऱ्याच्या खिलारीकडं बघून? दुसऱ्याच्या मापाचं जू घातलं की काय होतं, ते शेतकऱ्याच्या पोराला मी सांगावं?

गटाचं बोलू. २८ पौंड! कुणी सांगितलं २८ घालायला? दुकानदारानं विचारलं असेल, किती घालू, आणि तुला २३ म्हणायची लाज वाटली. बरोबर? मागं दोन पोरं उभी असतील. गट जितका ताणलेला तितकी ताबा ठेवायला मदत, हे खरं. पण मधला जो पट्टा खरा बोलतो, तो तेवढाच लहान होतो. रोज मधोमध मारणाऱ्याला ते परवडतं. तुझा गट आजवर कुठं-कुठं तुटला ते बघितलंस का? मधे एकदाही नाही. वरच्या कडेला, फ्रेमजवळ. तो गट तुझ्याविरुद्ध साक्ष देतोय आणि तू त्याला कचऱ्यात टाकून नवा घालतोस. त्यातही बीजी-६५ नको, ती ०.७० मिलिमीटरची, जाड, आवाज येत नाही म्हणे. ०.६५ ची बारीक पाहिजे. आवाज! लेकरा, आवाजाचे गुण मिळत नाहीत या खेळात.

तीच रॅकेट मे महिन्यात गाडीच्या डिकीत. नांदेडचा पारा ४२-४३ ला टेकतो, डिकीत काय होत असेल? उष्णतेत गट ढिला पडतो. म्हणजे २८ चे पैसे, २४ चा ताण, आणि तोंडात पुन्हा २८. कुणाला फसवायलास? मला तर नाही. मी बोटानं दाबून बघितलाय.

थांब, तुझी लातूरची तक्रार राहिली. "लातूरला टुर्नामेंटला गेलो की शटल बाहेरच जातं सर, ही रॅकेट जास्त पॉवर देते." वा! इथं टॉस अर्ध्या कोर्टात आणि तिथं पॉवर जास्त. रॅकेट काय एसटीत बसल्यावर ताकदीचं औषध घेते? लातूर बालाघाटाच्या पठारावर आहे, नांदेड गोदावरीच्या काठाला. उंचीवर हवा विरळ, ऊन तापलं की आणखी विरळ. विरळ हवेत शटल जास्त पळतं. म्हणून पिसांच्या शटलवर ७५, ७६, ७७ असे आकडे असतात. आकडा जितका कमी तितकं शटल मंद. नायलॉनचं असेल तर टोपीवर पट्टी असते, हिरवी मंद, निळी मध्यम, लाल जलद. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हिरवी घ्यायची. तू निळ्या पट्टीचा डबा घेऊन गेलास, कारण दुकानात तोच पुढं होता. आणि खेळायच्या आधी शटल तपासलंस का? नियमात आहे. मागच्या रेषेवर उभं राहून खालून पूर्ण ताकदीनं, बाजूच्या रेषांना समांतर मारायचं. समोरच्या मागच्या रेषेच्या अलीकडं ५३० ते ९९० मिलिमीटरमध्ये पडलं तर वेग बरोबर. अर्ध्या मिनिटाचं काम. तू त्या अर्ध्या मिनिटात रॅकेटीचा फोटो काढत होतास. मी स्टेटस बघितलं.

तू म्हणशील, सर, रॅकेटीनं काहीच फरक पडत नाही का मग? पडतो. मी जुन्याचे पोवाडे गाणारा माणूस नाही. सांगलीचे नंदू नाटेकर १९५६ साली क्वालालंपूरला सेलांगोरची स्पर्धा जिंकले. परदेशातली बॅडमिंटन स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय. त्या काळातल्या लाकडी चौकटीच्या जड रॅकेटी. म्हणून तू लाकडी घे, असं मी म्हणतो का? कार्बनची रॅकेट चांगलीच. माणसाप्रमाणे रॅकेट बदलते हेही खरं. दुहेरीत नेटजवळ खेळणाऱ्याला हलक्या डोक्याची पाहिजे, कारण तिथं शटल अंगावर येतं आणि रॅकेट फिरवायला वेळ नसतो. मागून स्मॅश मारणाऱ्याला डोक्यात थोडं वजन चालतं. योनेक्सनं तर ॲस्ट्रॉक्स ८८ चे दोन वेगळे प्रकारच काढले, पुढच्या खेळाडूला एस, मागच्याला डी. एकेरीत मोठ्या रॅली खेळणाऱ्यानं इव्हन बॅलन्स घ्यावी, तिसऱ्या गेमला हात शाबूत राहतो. तू कोण आहेस यातला? मी सांगू? तू ड्रॉपवर जगणारा खेळाडू आहेस. ड्रिबल आणि मागच्या कोपऱ्यातला तिरका ड्रॉप, हे तुझं धन. स्मॅश तुझा बरा आहे, बस. पण स्मॅशला टाळ्या पडतात. ड्रॉपला समोरचा नुसता शिवी घालतो. तुला टाळ्या पाहिजेत. म्हणून जे येत नाही त्याची रॅकेट घेतलीस आणि जे येतं ते विसरलास.

आता वेगाचं. तुझ्या तक्त्यात 'पॉवर' म्हणून एक रकाना आहे. दहापैकी गुण. कुणी दिले? जाऊ दे. २०१३ मध्ये मलेशियाच्या टॅन बून हाँगनं चाचणीत ४९३ किलोमीटर वेगाचा स्मॅश मारला. दहा वर्षं तो विक्रम टिकला. मग एप्रिल २०२३ मध्ये जपानमध्ये आपल्या सात्त्विकसाईराजनं ५६५ चा मारला. दोघांच्या हातातल्या रॅकेटी वेगळ्या होत्या. पण त्यातली कुठलीही तुझ्या हातात दिली तर ४९३ निघेल का? तो वेग कुठून येतो, ते तुझ्या तक्त्यात कोणत्या रकान्यात लिहिणार?

गप्प का? बोल ना. एरवी तुझं तोंड थांबत नाही.

बरं, रॅकेट सोड. खाली बघ. पायात काय आहे? पळायचे बूट. टाचेला जाड फोम, तळवा गुळगुळीत. चौदा हजार हातात आणि पायात हे. बॅडमिंटन आडवं खेळायचा खेळ आहे, सरळ पळायचा नाही. या उंच टाचेवर एकदा पाय मुरगळला की सहा महिने गेले. हॉलमध्ये यायचं तर गम सोलचे, चपट्या तळव्याचे बूट पाहिजेत, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "पुढच्या महिन्यात घेतो सर." कितवा पुढचा महिना हा? बूट स्टेटसवर दिसत नाहीत, हीच अडचण ना?

आणि त्या पायांचं काम काय? शॅडो. रोज, शटलशिवाय, सहा कोपऱ्यांना जाऊन मधे यायचं. कंटाळवाणं आहे. आहेच. मलाही बघायला कंटाळा येतो. पण त्याला पर्याय नाही. मी वेळापत्रक लावून दिलं. तू काय करतोस? पहिल्या दोन फेऱ्या मी बघतोय तोवर झकास. मी पाठ वळवली की नेटला टेकून पाणी. अंगचोरपणा करायला काही जागा पाहिजे असते माणसाला, तू नेमकी तीच जागा निवडलीस जिथं तुझा खेळ अडलाय.

तू बारावी कुठं केलीस? लातूरला. लातूर पॅटर्नच्या जोरावर इंजिनीअरिंगला लागलास. तिथं काय केलंस दोन वर्षं? पाच पुस्तकांचा तक्ता केलास का? कोणत्या पेननं जास्त मार्क पडतात हे बघितलंस का? रोज पेपर सोडवलास. चुकलेला प्रश्न पुन्हा सोडवलास. पहाटे उठून, दिवे गेले तर बॅटरीत. मी ऐकून आहे सगळं, तुझ्या वडलांकडून. म्हणजे मेहनत कशाशी खातात हे तुला माहीत आहे. रट्टा मारून नाही, चूक शोधून सुधारायची हे माहीत आहे. मग कोर्टवर आल्यावर ते डोकं कुठं ठेवतोस? कळतं पण वळत नाही म्हणतात, तसंसुद्धा नाही तुझं. तुला वळतंसुद्धा, पण वळायचं नाही. वळलं तर घाम येतो.

"इथं काय आहे सर? पुण्यात असतो तर." हे राहिलंच होतं. पुण्याला छावणीतल्या गोऱ्यांनी १८७० च्या दशकात या खेळाचे नियम लिहिले म्हणून तिथल्या हवेत बॅडमिंटन मिसळलंय का? पुण्यात तुझ्यासारखी हजार पोरं तक्ते करत बसली आहेत. मालविका बनसोड कुठली? नागपूरची. नागपूरला काय थंड वारे वाहतात? त्या पोरीनं सरावासाठी घर सोडून रायपूर गाठलं. जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीत सायना नेहवालला सरळ दोन गेममध्ये हरवलं. प्रकाश पडुकोण लहानपणी बंगळूरला कॅनरा युनियनच्या हॉलमध्ये शिकले, जिथं लग्नं लागायची. लग्नाची तिथी आली की खेळ बंद. १९८० मध्ये त्यांनीच ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यात लिम स्वी किंगला १५-३, १५-१० असं हरवलं. किंग स्मॅश मारणारा वाघ. प्रकाशनी त्याला कशानं थकवलं माहीत आहे? टॉस, ड्रॉप, हाफ स्मॅश. तुझाच खेळ, लेकरा. तुला ज्याची लाज वाटते तोच.

तुला मंगल कार्यालयसुद्धा रोज मिळतं. पंखे बंद करायची सोय आहे, म्हणजे शटल भरकटत नाही. तरी हवा खराब, मॅट घसरते, उजेड डोळ्यांवर येतो. काका त्याच उजेडात खेळले ना काल?

पैशाचं मी बोलणार नव्हतो. पण बोलतो. चौदा हजार. वडलांनी दिले, "पोरगं खेळतंय, खेळू दे" म्हणून. औशाच्या बाजारात सोयाबीनचा भाव काय मिळाला या वर्षी त्यांना, विचारलंस? तीन क्विंटलच्या वर सोयाबीन झालं ते. पेरणी, फवारणी, काढणी, मळणी, आडतीवर उभं राहणं, हे सगळं त्या बॅगेत आहे. ते काही बोलणार नाहीत. मला फोन करून विचारलं फक्त, "सर, पोराला रॅकेट बरी लागली का?" मी काय सांगू? सांग ना, काय सांगू? मी म्हणालो, बरी आहे. तुझ्यापायी खोटं बोलावं लागलं. हे तुझ्या खात्यावर मांडून ठेवलंय.

नववीत होतास तेव्हा जीआर ३०३ होती तुझ्याकडं. काहीशे रुपयांची, स्टीलच्या शाफ्टची, एका बाजूनं दबलेली. तीसुद्धा चुलतभावाची. त्या रॅकेटीनं तू मागच्या कोपऱ्यातून, न बघता, शटल समोरच्या नेटला चिकटवून टाकायचास. कसं, ते तुला सांगता यायचं नाही. मी बाजूला बसलेल्या सरांना म्हणालो होतो, हे मनगट शिकवून येत नाही. आजही म्हणतो. म्हणून तर एवढा वेळ घालवतोय तुझ्यावर. ज्याला येत नाही त्याला मी रागावत नाही. त्याला शिकवतो. तुला येतं. आणि येऊन तू रॅकेटीच्या मागं लपून बसलास, कारण नवी रॅकेट आहे तोवर हरायला कारण आहे. ही जुनी झाली की सहावी घेशील. मग सातवी. कारणं कधी संपायची नाहीत, बाजारात दर सहा महिन्यांनी नवीन येतात.

"मग विकून टाकू का?" बघ, लगेच पुन्हा खरेदी-विक्री! नाही विकायची. कुणी अर्ध्या किमतीला घेणार आणि उरलेले तू वडलांकडं मागणार. तीच वापरायची. दोन्ही ओव्हरग्रिप काढ, मूळ ग्रिपही काढ आणि लाकडावर पातळ एक बसव, मूठ बारीक वाटली तरी तुझ्या बोटांना बरोबर होईल. गट काप. आजच काप, माझ्यासमोर. २३ वर घालून आण, बीजी-६५, आणि दुकानात मोठ्यानं म्हण, तेवीस. डिकीत ठेवायची नाही. रूमवर खुंटीला लटकव. उद्या काकांशी पुन्हा गेम आहे तुझा; मी त्यांना विचारून ठेवलंय. त्यात स्मॅश मारायचा नाही. एकही नाही. मारलास तर पॉइंट त्यांना. हरलास तरी चालेल, पण मागच्या कोपऱ्यात प्रत्येक वेळी शटलच्या मागं पोचलास की नाही, हे वहीत लिहून आणायचं. वही नवी घेऊ नकोस. तीच आण, पाचव्या पानापासून.

खांदा उद्या दाखवून ये हाडांच्या डॉक्टरला. मग ये. सराव साडेपाचला सुरू होतो, कोर्टवर पाच वाजून वीस मिनिटांना उभा पाहिजेस, अंग गरम करून. पाच पस्तीसला आलास तर दाराला आतून कडी असेल, आणि बाहेरून कितीही वेळ फोन केलास तरी मी उचलणार नाही.